इनसाइड केबिन की बाल्कनी? मुंबईतून क्रूझला निघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रूझला निघालेले नातेवाईक, शेजारी, ऑफिसातले सहकारी मला फिरून फिरून हाच प्रश्न पाठवतात. आज कुणाला दोन रात्रींचं गोवा करायचं असतं, उद्या कुणाला आईवडिलांना अलास्काला न्यायचं असतं. सगळ्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. वाचायला लागण्याआधी एक हिशेब कागदावर मांडा: जागेपणी आणि उजेडात तुम्ही केबिनमध्ये किती तास असणार? पुढची बहुतेक उत्तरं याच आकड्यावर उभी आहेत.

१. इनसाइड, ओशन व्ह्यू आणि बाल्कनी यांत नेमका फरक काय?

इनसाइड केबिनला (काही कंपन्या तिला इंटिरिअर म्हणतात) बाहेर बघणारी खिडकी नसते. ओशन व्ह्यूला न उघडणारी काच असते, खालच्या डेकवर बहुधा गोल आणि वर चौकोनी. बाल्कनीला काचेचा दरवाजा, त्याबाहेर दोन खुर्च्या आणि एक लहान टेबल. त्याच्या वरचा वर्ग म्हणजे स्वीट. जेवण, नाटक, गाणी, पोहण्याचा तलाव या गोष्टी पहिल्या तिन्ही वर्गांना सारख्याच मिळतात. पोर्ट चार्जेसही केबिन बदलल्याने बदलत नाहीत. म्हणजे जास्तीचे पैसे जातात ते फक्त उजेड, हवा आणि थोड्या जागेसाठी.

२. इनसाइड म्हणजे खाली तळाशी, इंजिनाच्या शेजारी ना?

नाही. हा गैरसमज फार जणांचा असतो. इनसाइड केबिन जवळपास प्रत्येक प्रवासी डेकवर असतात. कॉरिडॉरच्या एका बाजूला बाल्कनीची दारं, समोरच्या बाजूला इनसाइडची, अशी रचना असते. नवव्या मजल्यावर बाल्कनीवाल्यांच्या अगदी समोर तुमची इनसाइड असू शकते.

३. खोली किती लहान असते? सामान मावतं का?

जहाजानुसार बदलतं, पण इनसाइड साधारण १४० ते १८५ चौरस फुटांची धरा. जुन्या जहाजांवर त्याहूनही लहान असतात. आपल्याकडे मोजायला सोपं माप आहे: बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यात संसार झाले, मुलं शिकली, लग्नं उरकली. फरक एवढाच की इथे त्याच मापात बाथरूमही बसवलेलं असतं. बाल्कनीची खोली आतून फार मोठी नसते. मुख्य वाढ बाहेरच्या चाळीसेक चौरस फुटांची असते.

बॅगा रिकाम्या करून पलंगाखाली सरकवा, तिथे जागा असते. केबिनच्या भिंती बहुतेक जहाजांवर पोलादी असतात, म्हणून लोहचुंबकाचे चार हुक घरून न्या. टोप्या, पिशव्या, ओळखपत्रं त्यावर टांगली की खोली एकदम मोकळी वाटते. शेकडो रुपयांच्या सोयींपेक्षा हे चार हुक जास्त उपयोगी पडले, असं मला कितीजणांनी कळवलंय.

४. मुंबई–गोवा–मुंबई दोन रात्रींसाठी बाल्कनी घ्यावी का?

माझं मत स्पष्ट आहे: बहुतेकांनी घेऊ नये.

तास मोजू. दुपारी बॅलार्ड पिअरला पोहोचता, चेक-इन, सिक्युरिटी, मग जेवण. जहाज सुटेपर्यंत ऊन कललेलं असतं. सुटताना सगळेच वरच्या मोकळ्या डेकवर जातात आणि तिथून जे दिसतं ते बाल्कनीपेक्षा कितीतरी मोठं असतं. रात्री कार्यक्रम, जेवण, झोप. दुसऱ्या दिवशी जहाज मुरगावला लागलेलं. तुम्ही खाली उतरून गोव्यात, किंवा जहाजावर राहिलात तर तलावाकाठी. मुरगाव हे कोळसा आणि लोहखनिज हाताळणारं बंदर आहे. बाल्कनी धक्क्याच्या बाजूला आली तर समोर क्रेन आणि मालाचे ढीग. परत संध्याकाळ, परत रात्र, आणि सकाळी मुंबई. बाल्कनीत उजेडी बसण्याचे तास खरोखर मोजले तर तीन-चार भरतात.

आता समजा तुमच्या तारखेला इनसाइड आणि बाल्कनीत माणशी दहा हजारांचा फरक आहे. दोघांचे वीस हजार. चार तासांनी भागा: तासाला पाच हजार.

अपवाद आहेत. पंचविसावा वाढदिवस असो की लग्नाची पन्नाशी, ज्यांना पहाटेचा चहा फक्त दोघांनीच घ्यायचाय त्यांनी बाल्कनी जरूर घ्यावी. तिथे तासांचा हिशेब लागू होत नाही. बरोबर वयस्कर माणसं असतील तर प्रश्न ११ पाहा.

आणखी एक अडचण: मुंबईहून सुटणारं कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं 'एम्प्रेस' हे जहाज १९९० सालचं आहे. त्या काळात खासगी बाल्कन्यांची आजच्यासारखी चाल नव्हती, त्यामुळे तिथे त्या मोजक्याच आहेत. दिवाळी, नाताळच्या आठवड्यात हव्या असतील तर शेवटच्या क्षणापर्यंत थांबू नका.

५. बाल्कनी घेतलीच तर कुठल्या बाजूची? डावी की उजवी?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण याचं उत्तर नकाशावर बोट ठेवून देता येतं. जहाजाच्या तोंडाकडे बघत उभं राहा. डावा हात म्हणजे पोर्ट, उजवा म्हणजे स्टारबोर्ड.

बॅलार्ड पिअरहून निघालेलं जहाज दक्षिणेला तोंड करून बंदराबाहेर पडतं. म्हणजे गेटवे, ताज, कुलाबा हे सगळं उजवीकडून सरकतं आणि शेवटी प्रॉंग्सचं दीपगृह. डाव्या बाजूला घारापुरी, उरणचे डोंगर, पुढे रेवस-अलिबागचा किनारा आणि खांदेरीचा दिवा. संध्याकाळी सुटणारं जहाज असेल तर सूर्यही उजवीकडेच, आधी शहराच्या मागे, मग मोकळ्या पाण्यावर मावळतो. गोव्याकडे जाताना पश्चिम सतत उजव्या हाताला राहते. परतीला जहाज उत्तरेकडे येतं, तेव्हा सूर्यास्त डाव्या बाजूच्या लोकांचा.

थोडक्यात दोन्ही बाजूंना एकेक संध्याकाळ मिळते, पण मुंबई सोडतानाचं दृश्य उजवीकडे सरस. मला निवडायला दिलं तर मी उजवी घेईन. ज्यांचं मूळ गाव रायगडात आहे त्यांनी डावी घ्यावी. आपला किनारा समुद्रातून बघण्याची गंमत निराळी.

काहीजण विचारतात, वाटेत मुरूड-जंजिरा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग दिसतील का? त्या आशेने बाल्कनी घेऊ नका. जहाज किनाऱ्यापासून बरंच लांबून जातं आणि तो टप्पा रात्रीचा असतो. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या जुन्या कोकण बोटी देवगड, मालवण, वेंगुर्ला अशा बंदरांना थांबत जायच्या, वळकटी टाकून डेकवर बसलेल्या माणसालाही सगळा किनारा दिसायचा. आजचं क्रूझ जहाज तसं जात नाही.

केबिनचा क्रमांक सम की विषम यावरून बाजू ठरते असं सांगतात, पण हा नियम सगळ्या जहाजांना लागू नाही. त्या जहाजाचा डेक प्लॅन उघडून स्वतः खात्री करा.

६. गोवा सोडून इतर मार्गांचं काय? लक्षद्वीप, सिंगापूर, युरोप, अलास्का?

लक्षद्वीपच्या फेरीत समुद्रातला पूर्ण दिवस असतो, म्हणून बाल्कनीचे तास वाढतात. तरी मी तिथे ओशन व्ह्यू पुरेसा मानते. बेटाजवळ जहाज नांगर टाकून थांबतं आणि छोट्या बोटींनी तुम्हाला नेतात. नांगरावरचं जहाज वारा-प्रवाहाप्रमाणे हळूहळू फिरतं, त्यामुळे तिथे डाव्या-उजव्याचा हिशेब चालत नाही.

सिंगापूरहून पेनांग, फुकेत करणारी जहाजं बहुधा रात्री चालतात आणि दिवसा बंदरात असतात. भूमध्य समुद्रातही तसंच: सकाळी बार्सिलोना, दुसऱ्या दिवशी मार्सेय, पुढे रोमसाठी चिव्हिताव्हेक्किया. माणूस सकाळी आठला उतरतो आणि संध्याकाळी पाय मोडून परत येतो. इनसाइड घ्या, वाचलेले पैसे शहरात खर्च करा.

अलास्का आणि नॉर्वे इथे मात्र माझा सल्ला उलटतो. तिथे जहाज दिवसाउजेडी डोंगरांच्या मधून चालतं आणि दृश्य हीच मुख्य सहल असते. अलास्कातल्या ग्लेशियर बेमध्ये किंवा नॉर्वेतल्या गेरांगरच्या फ्योर्डमध्ये (डोंगरांत शिरलेल्या चिंचोळ्या खाडीत) शाल गुंडाळून, गरम चहाचा कप हातात धरून आपल्या बाल्कनीत उभं राहणं, यासाठी पैसे साठवावेत असं मला मनापासून वाटतं. हिमनदीसमोर जहाज सहसा गोल फिरवतात, त्यामुळे तिथे बाजूची फार चिंता नको.

७. मला गाडी लागते, बसही लागते. बोट लागू नये म्हणून कुठली केबिन?

इथे लोक केबिनचा प्रकार विचारतात, पण आधी जागा बघायला हवी. जहाज लाटेवर पुढे-मागे डुलतं तेव्हा दोन्ही टोकं सर्वाधिक हलतात आणि मधला भाग कमी. डावीकडे-उजवीकडे कलतं तेव्हा वरचे डेक जास्त सरकतात, खालचे कमी. मुलांचा सी-सॉ आठवा, मध्ये बसलेलं मूल जवळपास जागेवरच असतं. म्हणून ज्यांना लागतं त्यांनी मधली आणि खालच्या डेकवरची केबिन घ्यावी. बाल्कन्या बहुधा वरच्या डेकवर असतात, हे इथे त्यांच्या विरोधात जातं.

दुसरी बाजूही खरी आहे. कान हलतंय म्हणतो आणि डोळ्यांना स्थिर भिंत दिसते, या भांडणातून मळमळ होते. इनसाइडमध्ये डोळ्यांना क्षितिज मिळत नाही. बाल्कनीत मिळतं, ताजी हवाही मिळते.

मग काय करायचं? माझं उत्तर: मधल्या भागातली, खालची ओशन व्ह्यू. ती बजेटमध्ये बसत नसेल तर त्याच जागेची इनसाइड, आणि मळमळ सुरू होताच पडून न राहता मधल्या मोकळ्या डेकवर जाऊन लांब क्षितिजाकडे बघायचं. एकदा वर गेलं की अर्ध्या तासात बरं वाटतं, असा माझा अनुभव आहे. औषध डॉक्टरांना विचारून घ्या. आपल्याकडे बरेचजण अ‍ॅव्होमिन घेतात, पण ती मळमळ सुरू होण्याआधी घ्यायची असते आणि तिने झोप येते. आलेपाक, आवळासुपारी बरोबर असू द्या. रिकाम्या पोटी राहू नका, ठासूनही जेवू नका.

८. खिडकी नसेल तर घुसमटतं का?

हवेची अडचण येत नाही, वातानुकूलन सगळीकडे सारखंच असतं. खरी अडचण काळोखाची आहे. दिवा मालवला की इनसाइडमध्ये आपला हातही दिसत नाही. माझे बाबा आयुष्यभर पहाटे पाचला उठले. पहिल्याच रात्री त्यांनी मला तीनदा हाक मारून विचारलं, "उजाडलं का गं?" दुसऱ्या रात्री आम्ही टीव्हीवर जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्याचं चॅनल आवाज बंद करून सुरू ठेवलं. पडदा करडा झाला की बाबा चप्पल घालून वर जात. तुमच्या जहाजावर असं चॅनल आहे का ते पहिल्या संध्याकाळीच बघा. बॅटरीवरचा छोटा दिवा बाथरूममध्ये ठेवा.

रात्रपाळी करणाऱ्यांना आणि तान्ह्या मुलांना हाच काळोख वरदान ठरतो. मुलं दुपारी दोन-दोन तास झोपतात. नॉर्वेत उन्हाळ्यात रात्रभर उजेड असतो, तिथे इनसाइडवालेच गाढ झोपतात.

लिफ्टमध्येही ज्यांचा जीव घाबरा होतो त्यांनी मात्र इनसाइड घेऊ नये. त्यांच्यासाठी ओशन व्ह्यू हीच किमान पायरी समजा.

९. आम्ही चौघं. एक बाल्कनी घ्यावी की दोन इनसाइड?

भाडं दोघांच्या हिशेबाने असतं आणि त्याच केबिनमधल्या तिसऱ्या-चौथ्या माणसाला बहुधा कमी लागतं, म्हणून एक बाल्कनी कागदावर आकर्षक दिसते. पण चौघांत एक बाथरूम, आणि रात्री वरच्या फळ्या उघडल्या की पाय ठेवायला जागा नाही. मुलं दहा वर्षांच्या वर असतील तर मी दोन इनसाइड सुचवते, शक्य तर मधलं दार उघडणाऱ्या. आणखी एक जोडणी बघा: पालकांना बाल्कनी आणि मुलांना समोरची इनसाइड. कॉरिडॉर ओलांडला की मुलं तुमच्याकडे, आणि बाल्कनी सगळ्यांची. मात्र लहान मुलांना वेगळ्या केबिनमध्ये ठेवण्याबाबत प्रत्येक कंपनीचे वयाचे नियम असतात, ते आधी विचारा.

१०. चार वर्षांचा मुलगा आहे. बाल्कनी धोक्याची नाही का?

कठडा साधारण साडेतीन फूट उंच असतो आणि दाराची कडी सहसा मुलाच्या हाताला येणार नाही अशा उंचीवर. धोका कठड्याचा नसतो, खुर्चीचा असतो. मुलं खुर्चीवर चढतात. बाल्कनीतल्या खुर्च्या पहिल्या दिवशीच कठड्यापासून दूर, भिंतीला लावा, आणि मोठं माणूस बाहेर नसेल तेव्हा दार कडी लावून बंद. हे नियमाने पाळता येणार नसेल तर सरळ ओशन व्ह्यू घ्या. मूल काचेला नाक लावून तितकंच खूष असतं.

११. आईबाबा सत्तरीचे आहेत, त्यांना काय घ्यावं?

त्यांच्यासाठी तासांचा हिशेब वेगळा लागतो. माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यानंतर आम्ही तिला बाल्कनीच्या केबिनमध्ये नेलं. आम्ही बंदरात फिरत होतो तेव्हा ती सहा-सहा तास बाहेर बसून पोथी वाचायची, मध्येच समुद्राकडे बघायची. संध्याकाळी मला दिवसभरात किती होड्या गेल्या ते सांगायची. तिथे एक रुपयाही वाया गेला नाही.

आईवडील चालते-फिरते, गप्पिष्ट असतील तर मात्र इनसाइडही चालेल. ते खोलीत सापडणारच नाहीत. दोन्ही बाबतींत केबिन लिफ्टजवळची घ्या. बाल्कनीच्या दाराला उंबरा असतो, रात्री तिथे पाय अडखळतो. व्हीलचेअर असेल तर त्यासाठी बनवलेली केबिनच मागा. त्या मोजक्या असतात.

१२. बाल्कनीत टॉवेल वाळत घालता येतो का? उदबत्ती? सिगारेट?

टॉवेल कठड्यावर घालू नका. वाऱ्याने उडतो, खालच्या बाल्कनीत किंवा समुद्रात जातो, आणि जहाजावर ते धोक्याचं मानतात. ओले कपडे बाथरूममधल्या दोरीवर. उदबत्ती, निरांजन, मेणबत्ती खोलीत आणि बाल्कनीत दोन्हीकडे बंद. जहाजावर आगीची भीती सगळ्यात मोठी. देवांसमोर फूल ठेवा, हात जोडा. इंडक्शन, इस्त्री तपासणीतच काढून घेतात. धूम्रपान बहुतेक जहाजांवर बाल्कनीतही मना आहे, ठरलेल्या जागीच करता येतं.

बाल्कनीचं दार आणि केबिनचं दार एकाच वेळी उघडू नका. वारा आरपार जातो आणि दार बोटांवर आपटतं.

१३. 'गॅरंटी' म्हणून स्वस्त मिळतंय. घ्यावं का?

गॅरंटी म्हणजे वर्ग ठरलेला, क्रमांक कंपनी देणार. इनसाइडसाठी खुशाल घ्या, कारण एक इनसाइड दुसरीसारखीच. बाल्कनीसाठी विचार करा: बाजू (प्रश्न ५), मध्य की टोक (प्रश्न ७), आणि दृश्य (प्रश्न १४) या तिन्ही गोष्टी तुमच्या हातून जातात. बोट लागणाऱ्यांनी आणि म्हाताऱ्यांना नेणाऱ्यांनी गॅरंटीच्या वाटेला जाऊ नये.

१४. 'ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू' म्हणजे किती अडतं?

कधी लोखंडी खांब, तर कधी नारिंगी रंगाची अख्खी लाइफबोट. आम्हाला एकदा एका एजंटने हा शब्द न सांगता असली केबिन दिली. खिडकीत सात दिवस बोटीचा तळ. पैसे ओशन व्ह्यूचे गेले, समुद्र दिसला नाही. त्यामुळे पैसे भरण्याआधी केबिनचा क्रमांक लेखी मागा आणि डेक प्लॅनवर तिच्या बाहेर बोटी टांगलेल्या आहेत का ते बघा. उजेड हवा, दृश्याची ओढ नाही, अशांना हा स्वस्त सौदा चांगला आहे.

डेक प्लॅन उघडाच, आणि वर-खालीही बघा. वर तलावाचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या ओढण्याचा आवाज, खाली डिस्को असेल तर मध्यरात्रीपर्यंत ढोल. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असतील ती जागा शांत.

१५. बाल्कनी आहे पण समुद्र दिसत नाही, असंही असतं का?

असतं. रॉयल कॅरिबियनच्या 'ओएसिस' वर्गाच्या जहाजांवर, पहिलं २००९ सालचं, काही बाल्कन्या आतल्या बागेकडे किंवा खेळांच्या चौकाकडे उघडतात. हवा आणि उजेड मिळतो, समुद्र नाही. उलट याच कंपनीच्या काही जहाजांवर इनसाइडला आतल्या बाजारपेठेकडे बघणारी खिडकी असते. काही इनसाइडमध्ये बाहेरच्या कॅमेऱ्याचं थेट दृश्य भिंतभर पडद्यावर दाखवतात. डिस्नेच्या काही जहाजांवर गोल खिडकीसारखा पडदा असतो आणि लहान मुलं त्यावर फार खूष होतात. म्हणून 'बाल्कनी' हा शब्द वाचून थांबू नका, ती कुठे उघडते ते वाचा.

१६. सासूबाई 'रामदास'ची आठवण काढतात आणि बोटीला नको म्हणतात. त्यांना इनसाइड सुरक्षित वाटेल का?

१७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. कोकणातल्या कित्येक घरांनी आपलं माणूस त्या दिवशी गमावलं. सासूबाईंची भीती त्यातून आलेली आहे, तिला हसू नका. त्यांना सांगा की ती भर पावसाळ्यातली छोटी बोट होती. क्रूझ जहाज कित्येक पटींनी मोठं असतं आणि पावसाळ्याचे महिने मुंबईच्या समुद्रातून बहुधा बाहेर काढतं. गेली काही वर्षं एम्प्रेस त्या काळात चेन्नईहून सुटते. नारळी पौर्णिमेनंतर कोळी होड्या लोटतात, आणि त्यानंतर समुद्र निवळला की इथला क्रूझचा हंगाम भरात येतो.

सुरक्षेच्या दृष्टीने इनसाइड आणि बाल्कनीत फरक नाही. संकटात जमण्याचं ठिकाण केबिनच्या दारामागे लिहिलेलं असतं. सुटण्याआधीची कवायत सासूबाईंना बरोबर घेऊन करा आणि केबिनपासून जिन्यापर्यंत किती दारं लागतात ते दोघींनी मोजा. मोजल्यावर भीती निम्मी होते. त्यांच्या उशाशी टॉर्च ठेवा, इनसाइड असेल तर नक्कीच.

१७. आजारी पडून खोलीतच राहावं लागलं तर?

हा प्रश्न फेब्रुवारी २०२० नंतर यायला लागला. जपानमध्ये योकोहामाला 'डायमंड प्रिन्सेस' हे क्रूझ जहाज कोरोनामुळे अडकलं तेव्हा जहाजावर ३,७११ माणसं होती. प्रवाशांना दिवसचे दिवस केबिनमध्ये राहावं लागलं. बिनखिडकीच्या खोल्यांतल्यांना हवेसाठी थोडा वेळ डेकवर नेत. तशी वेळ विरळा, पण पोट बिघडलं तरी जहाजाचे डॉक्टर एक-दोन दिवस खोलीतच राहायला सांगू शकतात. दोन रात्रींच्या सफरीसाठी एवढा विचार नको. दहा-बारा दिवसांच्या सफरीत तब्येत नाजूक असलेलं कुणी बरोबर असेल, तर बाल्कनीच्या बाजूने हा एक मुद्दा धरा.

१८. एकटीने जायचंय. बाल्कनी परवडेल का?

एकट्या माणसाला बहुधा दोघांचं भाडं किंवा त्याच्या जवळपास लागतं, म्हणून फरकही दुप्पट अंगावर येतो. इनसाइड घ्या. एकटं माणूस खोलीत कमीच असतं, आणि ओळखी वरच्या डेकवर होतात.

१९. आत्ता इनसाइड घेऊन जहाजावर गेल्यावर बाल्कनी मागता येते का?

केबिन रिकाम्या असतील तर रिसेप्शनवर फरक भरून मिळते, कधी आधीच्या दरापेक्षा स्वस्तातही. सुट्टीच्या आठवड्यात मिळत नाही, तेव्हा त्यावर विसंबू नका. विचारायचं असेल तर चढल्या चढल्या विचारा, बॅगा उघडण्याआधी. आणि घेण्याआधी ती केबिन प्रत्यक्ष दाखवायला सांगा. रिकामी असेल तर दाखवतात. दारात उभं राहून वर काय आहे, समोर काय अडतंय, दार नीट लागतं का, एवढं बघा आणि मगच कार्ड द्या.